गरम झऱ्याचे भू-तापमापक एकमेकांशी जुळत नाहीत: खाली खरं तापमान किती आणि वीज होईल का?

तळठाव (मूळ प्रश्न)

ज्वालामुखीशी संबंध नसलेल्या भागातला एक गरम झरा आहे. खडक ग्रॅनाइट-नाइस, झरा एका मोठ्या भ्रंशावर. तोंडाशी तापमान ६८° से., तिथेच मोजलेला पीएच ७.९ (प्रयोगशाळेत चार दिवसांनी ८.४ आला), प्रवाह सेकंदाला सुमारे ६ लिटर. पाण्याचं पृथक्करण असं, सगळे आकडे मि.ग्रॅ./लि.:

सोडियम ३१०, पोटॅशियम १४, कॅल्शियम ९८, मॅग्नेशियम १.२, सिलिका ९५, क्लोराइड ४८०, सल्फेट १६०, बायकार्बोनेट ४०, फ्लोराइड २.०

नेहमीची भू-तापमापक सूत्रं (पाण्यात विरघळलेल्या घटकांवरून तापमान काढणारी) लावल्यावर जमिनीखालचं तापमान असं येतं:

क्वार्ट्झ (फूर्निए १९७७): १३४°
कॅल्सेडनी (क्वार्ट्झचंच अतिसूक्ष्मकणी रूप): १०७°
सोडियम-पोटॅशियम (फूर्निए १९७९): १५७°
सोडियम-पोटॅशियम (गिगेनबाख १९८८): १७६°
पोटॅशियम-मॅग्नेशियम (गिगेनबाख १९८८): १०१°
सोडियम-पोटॅशियम-कॅल्शियम (सूत्रातला बीटा हा गुणक ४/३ धरून): ८७°

८७ आणि १७६ मध्ये दुपटीचा फरक आहे. सरासरी १२७ येते, ती धरावी का? १७६ खरं असेल तर विजेचा विचार करता येईल, ८७ असेल तर विषयच संपला. शिवाय क्लोराइड बऱ्यापैकी असल्यामुळे हे पाणी 'पक्व' (खडकाशी रासायनिक समतोल झालेलं) मानायचं का, तेही सांगा.

---

नमुनाबाटली

सरासरी अजिबात काढू नका. पण तापमापकांच्या भांडणाकडे वळण्याआधी हे आकडे भरवशाचे आहेत का ते बघू.

आधी विद्युतभार जुळतात का? मिलिइक्विव्हॅलंटमध्ये धन बाजू १८.८, ऋण बाजू १७.६. फरक भागिले बेरीज केलं की ३.३ टक्के. पाचच्या आत आहे, म्हणजे मोठे घटक ठीक मोजलेत. फक्त एक लक्षात ठेवा: या हिशेबात सिलिका नसते (या पीएचला तिच्यावर भार नाही) आणि मॅग्नेशियम इतकं कमी आहे की ते दुप्पट चुकलं तरी इथे कळणार नाही. तुमचं भवितव्य ठरवणारे दोन आकडे नेमके हेच आहेत.

मॅग्नेशियम कशावर मोजलंय? बऱ्याच प्रयोगशाळा ईडीटीए या रसायनाने अनुमापन करून एकूण काठिण्य काढतात, त्यातून कॅल्शियम वजा करतात आणि उरेल ते मॅग्नेशियम म्हणून लिहितात. तुमच्या पाण्यात कॅल्शियमचं काठिण्य २४५ (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) आणि मॅग्नेशियमचं जेमतेम ५. अनुमापनात दोन टक्के इकडेतिकडे झालं की अख्खं मॅग्नेशियम आलं किंवा गेलं. गरम झऱ्यात मॅग्नेशियम आयसीपी किंवा अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन या उपकरणांवरच करून घ्यायचं. अहवालात ०.० किंवा गोल ५ असा आकडा दिसला की समजा वजाबाकीचा आहे.

सिलिका. आयसीपीचा अहवाल पुष्कळदा सिलिकॉनमध्ये असतो, सूत्रांना हवी सिलिका, गुणक २.१४. तुमची ९५ सिलिका म्हणजे ४४ सिलिकॉन. हा ४४ न बदलता कॅल्सेडनीच्या सूत्रात घातला तर ६६° येतं, जवळजवळ झऱ्याच्याच तापमानाइतकं. उत्तर दिसायला इतकं समंजस असतं की कुणाला शंकाही येत नाही. तुमचे ९५ कशात आहेत ते एकदा विचारून घ्या.

नमुन्याबद्दल:

एक बाटली ०.४५ मायक्रॉन फिल्टरमधून गाळून, अतिशुद्ध नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली नेलेली. ही धन आयनांसाठी. दुसरी गाळलेली पण आम्ल न घातलेली, क्लोराइड-सल्फेट-फ्लोराइडसाठी. दोन्ही एचडीपीई प्लास्टिकच्या. काचेची बाटली सिलिका आणि बोरॉनसाठी घेऊ नका, काचेतून दोन्ही पाण्यात उतरतात.

सिलिकेसाठी तिसरी छोटी बाटली: झऱ्यावरच एक भाग पाणी, नऊ भाग आयनमुक्त पाणी. २५° ला अस्फटिक सिलिका साधारण ११७ मि.ग्रॅ. पर्यंत विरघळते, म्हणून तुमचे ९५ खोलीच्या तापमानाला तरी सुरक्षित आहेत. पण ४° ला ती मर्यादा ७६ वर येते. विरळ न करता नमुना फ्रीजमध्ये ठेवला की सिलिकेच्या साखळ्या जुळायला लागतात, आणि मॉलिब्डेटच्या रंगपद्धतीला त्या साखळ्या दिसत नाहीत. आकडा कमी येतो. म्हणजे सांभाळून ठेवलेला नमुनाच खोटं बोलतो.

क्षारता झऱ्याशेजारीच, पीएच ४.५ पर्यंत आम्ल टाकून मोजायची. तुमचा पीएच ७.९ वरून ८.४ झाला याचा अर्थ बाटलीतून कार्बन डायऑक्साइड निघून गेला. त्याबरोबर थोडा कॅल्साइट तळाशी बसला असेल तर न आम्लवलेल्या बाटलीतलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही कमी भरतील. बायकार्बोनेट ४० हा आकडा जागेवरचा की प्रयोगशाळेतला?

गंधकाचा वास येत असेल तर एका बाटलीत झिंक अ‍ॅसिटेट घालून सल्फाइड बांधून टाका. नाहीतर ते हवेने सल्फेट होतं आणि १६० मधले किती मूळचे हे कधीच कळत नाही. वाकून नमुना घेताना वारा पाठीशी ठेवा. हायड्रोजन सल्फाइडचा वास यायचा थांबला म्हणजे वायू गेला असं नाही. १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं.

---

तळठाव

मॅग्नेशियम आयसीपीवर, आम्लवलेल्या बाटलीतून. सिलिका मॉलिब्डेटने, झऱ्यावर विरळ केलेल्या नमुन्यातून, आणि अहवाल सिलिका म्हणूनच आहे. क्षारता जागेवर मोजलेली.

---

फेल्डस्पार

मग आकडे वापरण्याजोगे आहेत. आता भांडणाकडे.

प्रत्येक तापमापक वेगळ्या खनिजांच्या समतोलावर उभा आहे आणि प्रत्येकाचा वेगही वेगळा. पाणी वर येताना थंड होतं तेव्हा पोटॅशियम-मॅग्नेशियम चटकन नव्या तापमानाला जुळवून घेतं, सिलिका त्याहून सावकाश, सोडियम-पोटॅशियम सगळ्यात मंद. म्हणून पाठ्यपुस्तक म्हणतं की सोडियम-पोटॅशियम खोलवरची आठवण ठेवतं. खरं आहे, पण आठवण ठेवायला आधी तिथे समतोल झालेला असावा लागतो. अल्बाइट (सोडियमवालं फेल्डस्पार खनिज) आणि पोटॅश फेल्डस्पार यांच्यातला तो समतोल साधारण १५०-१८०° च्या वर, आणि पाणी पुरेसं मुरलं तरच लागतो. त्याखाली सोडियम-पोटॅशियमचं गुणोत्तर चिकणमातीतली आयन-अदलाबदल आणि खडकाची झीज ठरवते. सूत्र मात्र तापमान छापतच राहतं.

याची उत्तम परीक्षा समुद्राच्या पाण्यावर घेता येते. सोडियम १०,७७०, पोटॅशियम ३९९. फूर्निएच्या सूत्रात घाला: १२१७/(लॉग २७ + १.४८३) − २७३.१५. उत्तर १४४°! समुद्राचं थंड पाणी. सूत्र चुकलेलं नाही, ज्या प्रश्नासाठी ते बनलंच नाही तो प्रश्न आपण त्याला विचारला. तेव्हा झरा किनाऱ्याजवळ असेल तर आधी क्लोराइड-ब्रोमाइड गुणोत्तर बघा. वजनाने २९०च्या आसपास आलं तर क्लोराइड समुद्राचं आहे, आणि ते पक्वतेचा पुरावा म्हणून धरता येत नाही.

तुमचं पाणी पक्व आहे का? गिगेनबाखच्या त्रिकोणात (पाणी किती पक्व ते दाखवणारा आलेख) टाका: सोडियम/१००० = ०.३१, पोटॅशियम/१०० = ०.१४, मॅग्नेशियमचं वर्गमूळ = १.०९५. बेरीज १.५४५. म्हणजे मॅग्नेशियमच्या कोपऱ्याकडे ७१ टक्के, सोडियम २० आणि पोटॅशियम ९. बिंदू अपक्व आणि अर्धपक्व यांच्या सीमेवर बसतो. इथल्या बिंदूवरून सोडियम-पोटॅशियमची रेघ ओढून १७६ वाचणं धाडसाचं आहे. मी १५७ आणि १७६ दोन्ही बाजूला ठेवीन. दोन लेखकांची सूत्रं एकाच पाण्यावर १९° चा फरक देतात, तोही कमी तापमानाकडचा नेहमीचा इशारा.

'क्लोराइड आहे म्हणून पक्व' हा नियम ज्वालामुखी भागातून आलाय. तिथे उकळत्या खोल पाण्यात क्लोराइड उरतं, आणि वाफेने तापलेलं उथळ पाणी सल्फेटवालं व आम्ल असतं. पीएच २-३ चे चिखलकुंड ते हेच. त्या सल्फेट पाण्यावर कुठलाच विद्राव्य तापमापक लावू नये. ग्रॅनाइटमध्ये क्लोराइड जुन्या खारट पाण्याचं किंवा खडकातल्या सूक्ष्म द्रवकोशांचंही असू शकतं.

आता उरले चार. सोडियम-पोटॅशियम-कॅल्शियममध्ये बीटा ४/३ ने १०० च्या खाली उत्तर आलं म्हणून तुम्ही तेच ठेवलं, हे बरोबर. पण वर येताना कॅल्साइट बसला असेल तर कॅल्शियम कमी होतं आणि उत्तर वर सरकतं. इथे तसं असेल तर ८७ च्याही खाली जावं लागेल. उलट जिप्सम विरघळून कॅल्शियम वाढलं असेल तर खरं तापमान ८७ च्या वर. सल्फेट १६० बघता मला दुसरी शक्यता जास्त वाटते. म्हणून ८७ ला मी कमी वजन देईन.

पोटॅशियम-मॅग्नेशियम १०१. हे सूत्र चुकांना बरंच सोशिक आहे: मॅग्नेशियम २.४ धरा, ९२ येतं, ०.६ धरा, १११. दुप्पट-निमपट चुकीला फक्त दहा अंश.

सिलिकेत प्रश्न एवढाच की खडकातलं कुठलं सिलिका-खनिज पाण्याला धरून आहे. कमी तापमानाला सहसा कॅल्सेडनी. आइसलंडच्या बेसाल्टात ती १८०° पर्यंत राज्य करते असं दिसलंय. ग्रॅनाइटमध्ये पाणी फार जुनं असेल तर क्वार्ट्झ १००-१२०° लाच ताबा घेऊ शकतं. म्हणून १३४ ही वरची मर्यादा समजा. पीएच ९ च्या वर असता तर सिलिकेचा काही भाग आयन झालेला असतो आणि तो वजा केल्याशिवाय सूत्र लावता येत नाही. तुमच्या ७.९ ला ती भानगड नाही.

कॅल्सेडनी १०७ आणि पोटॅशियम-मॅग्नेशियम १०१. दोन वेगळी खनिजं, दोन वेगळी मूलद्रव्यं, उत्तर जवळजवळ एक. मी १००-११० म्हणेन. भूपृष्ठ २७° आणि दर किलोमीटरला ३०° वाढ धरली तर पाणी अडीच ते पावणेतीन किलोमीटर खाली जाऊन आलंय. भ्रंशातून पावसाचं पाणी एवढं खोल जाणं अगदी साधी गोष्ट आहे, त्यासाठी खाली शिलारस असावा लागत नाही.

---

तळठाव

त्याच भ्रंशावर आणखी दोन झरे आहेत. तापमान ५४° (क्लोराइड ३३५, सिलिका ७२, मॅग्नेशियम ४.६) आणि ४१° (क्लोराइड १९०, सिलिका ५४, मॅग्नेशियम ८.३). शेजारची थंड विहीर २६°, क्लोराइड ३०, सिलिका ३०, मॅग्नेशियम १२. तिन्ही झरे आणि विहीर एका सरळ रेषेत येतात, म्हणजे मिश्रण आहेच. सिलिका-मिश्रणाची रेषा (आडव्या अक्षावर तापमान, उभ्यावर सिलिका) पुढे वाढवली तर कॅल्सेडनीच्या वक्राला सुमारे १८७° वर छेदते. मग मूळ पाणी १८७° चं नाही का?

---

फेल्डस्पार

या आलेखाने बरेच प्रकल्प कागदावर मोठे झालेत.

५४ आणि ४१ चे झरे ६८ च्या पाण्यात विहिरीचं पाणी मिसळून झालेत, यात वाद नाही. ५४ मध्ये दोन तृतीयांश गरम, ४१ मध्ये छत्तीस टक्के. पण ती रेषा ६८ च्या पलीकडे न्यायची असेल तर गृहीत धरावं लागतं की ६८ चं पाणीही मिश्रणच आहे आणि वाटेत खडकाला उष्णता देऊन ते जराही निवलेलं नाही. ते निवलं असेल तर बिंदू डावीकडे सरकतो, रेषा जास्त उभी होते आणि छेद खूप वर जातो.

तपासणी तुमच्याच आकड्यांत आहे. मूळ पाणी १८७° चं असेल तर ६८ च्या झऱ्यात त्याचा वाटा (६८ − २६)/(१८७ − २६), म्हणजे २६ टक्के. उरलेले ७४ टक्के विहिरीचं पाणी. त्यात मॅग्नेशियम १२. मिश्रणात ते ८.९ च्या आसपास दिसायला हवं होतं. दिसतंय १.२. सगळं मॅग्नेशियम थंड पाण्यातूनच आलं असं धरलं तरी थंड पाणी जास्तीत जास्त १० टक्के. तेवढं वजा केलं की मूळ सिलिका १०२ आणि कॅल्सेडनी ११२°.

पळवाट एक आहे: मिसळल्यानंतर पाणी बराच काळ गरम खडकात राहिलं आणि मॅग्नेशियम क्लोराइट-चिकणमातीत गेलं. पण तेवढा वेळ मिळाला तर सिलिकाही नव्याने जुळली असती, मग १८७ चा आधारच जातो. ट्रिटियम (अलीकडच्या पावसाच्या पाण्यात सापडणारा हायड्रोजनचा किरणोत्सारी समस्थानिक) मोजून घ्या. ६८ च्या झऱ्यात ते नगण्य आणि ४१ मध्ये स्पष्ट दिसलं तर अलीकडचं पाणी फक्त वरच्या भागात मिसळतंय हे पक्कं होईल. ऑक्सिजन-ड्युटेरियम समस्थानिक स्वस्तात होतात, पण १०० अंशांच्या पाण्यात ऑक्सिजनचा सरक (खडकाशी अदलाबदल होऊन पडणारा फरक) इतका कमी असतो की ते तापमानाबद्दल फार बोलणार नाहीत. पाणी पावसाचं आहे आणि साधारण किती उंचीवरून मुरलं, एवढं सांगतील.

---

किलोवॅट

तापमानावर एवढी चर्चा झाली, पण वीज किती हे बऱ्याच अंशी प्रवाह ठरवतो. आधी ६ लिटर कसे मोजले ते सांगा. प्रवाह मोजायच्या फळीतल्या ९०° च्या व्ही-खाचेवर ६ लिटर म्हणजे पाण्याची उंची ११.४ सें.मी. आणि प्रवाह उंचीच्या अडीच घाताने बदलतो. अर्ध्या सेंटिमीटरच्या चुकीला ११ टक्के. शिवाय डबक्याच्या तळातून, बाजूच्या वाळूतून जे निसटतं ते खाचेत येतच नाही.

झरा आहे तसा घेतला तर: ६ × ४.१८ × (६८ − ३५) = सुमारे ८३० किलोवॅट उष्णता. वाळवणी, हरितगृह, इमारत तापवणं, स्नानगृह, यांना ही भरपूर आहे, आणि त्यासाठी भोक पाडायचीही गरज नाही.

त्याच ६८ मधून वीज? थंड बाजू २८° धरा. गरम पाणी निवत जातं, त्यामुळे कार्नोचं सूत्र इथे फसवं आहे. निवत जाणाऱ्या पाण्यासाठी आदर्श मर्यादा (गरम − थंड)/(गरम + थंड) केल्विनमध्ये, म्हणजे ४०/६४२, ६.२ टक्के. प्रत्यक्षात साडेतीन मिळाले तर नशीब. पाणी ५० पर्यंत उतरवलं तर ४५० किलोवॅट उष्णतेतून १६ किलोवॅट वीज, आणि त्यातली बरीचशी पंप-पंख्यांना.

'अलास्कात चेना इथे ७४° वर वीज होते' हा दाखला लगेच येईल, म्हणून आधीच सांगतो. होते, २००६ पासून, आर-१३४ए हे शीतकारक वापरणाऱ्या २०० किलोवॅटच्या बायनरी संचांवर (गरम पाण्याने कमी तापमानाला उकळणारा दुसरा द्रव उकळवून वीज करणारे). पण तिथे थंड करायला ४° च्या आसपासचं पाणी आहे आणि एका संचाला सेकंदाला ३३ लिटर गरम पाणी लागतं. उष्ण हवेत हवेने थंड होणारा तोच संच निम्मंही देणार नाही.

आता १०५ च्या पाण्याची विहीर लागली असं धरू. ६५ पर्यंत उतरवलं, कार्यक्षमता ७ टक्के. दर किलो/सेकंद पाण्यामागे १६७ किलोवॅट उष्णता आणि जवळपास १२ किलोवॅट ढोबळ वीज. सेकंदाला ६ किलोला ७० किलोवॅट, ३० किलोला ३५०. या ३५० मधून विहिरीतला पंप (१०० मीटर उचल, ६० टक्के कार्यक्षमता) ४९ खातो, पंखे आणि द्रवाचा पंप आणखी साठ-सत्तर. हातात २३० च्या आसपास. भर दुपारी हवा तापली की त्याहून कमी.

साठा मोजताना लोक खडकातली उष्णता २५° पर्यंत काढतात. बायनरी संच ६५ च्या खाली काढतच नाही, तर संदर्भ तापमान ६५ धरा. १ चौ. किमी, ५०० मीटर जाडी, घनमीटरला २.५ मेगाज्यूल प्रति अंश, फरक ४० अंश: ५ × १०^१६ ज्यूल. त्यातले १० टक्के निघतील (भेगाळ खडकात याहून कमीच धरावेत), ७ टक्के वीज, ३० वर्षं. उत्तर सरासरी ३७० किलोवॅट. संदर्भ २५ धरला असता तर हाच आकडा फुकटात दुप्पट झाला असता. कुठल्याही अहवालात मेगावॅटचा आकडा दिसला की आधी संदर्भ तापमान आणि उपसा-टक्केवारी शोधा.

पुढची पायरी खोल विहीर नाही. १००-१५० मीटरची चार-पाच तापमान-भोकं भ्रंशाच्या आडव्या रेषेत, आणि सोबत विद्युत-रोधाचं सर्वेक्षण. एक सावधगिरी: भ्रंशाजवळच्या भोकात वरच्या शंभर मीटरमध्ये तापमान झपाट्याने वाढतं आणि मग सरळ होतं किंवा उलटतं, कारण गरम पाणी आडवं पसरलेलं असतं. वरचा उतार तसाच खाली ओढून 'एक किलोमीटरवर ३००°' काढू नये.

---

गॅस्केट

उपकरणांच्या बाजूने थोडं.

या पाण्यात सिलिकेची भीती नाही. ९५ ला अस्फटिक सिलिका १४° ला संपृक्त होते, त्यामुळे ३५ पर्यंत खुशाल उतरवा. ज्यांनी २५०° च्या क्षेत्रांबद्दल वाचलंय त्यांचा गोंधळ इथे होतो. तिथे खालचं पाणी ४९० सिलिका घेऊन येतं, १६०° च्या विभाजकात वाफ निघाल्यावर उरलेल्यात ते ६०० च्या वर जातं आणि सुमारे १४८° च्या खाली नळीत काचेसारखा थर बसायला लागतो. म्हणून तिथे पाणी गरम असतानाच परत जमिनीत सोडतात. तुमचा प्रश्न तो नाही.

तुमचा प्रश्न कॅल्साइट. तो गरम पाण्यात कमी विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड निघून गेला की बसतो. विहिरीत दाब कमी होऊन बुडबुडे जिथे सुरू होतात, नेमका तिथेच काही मीटर लांबीत गळा आवळला जातो. उपाय दोन: पंप इतका खोल बसवा की संचातून बाहेर पडेपर्यंत दाब बुडबुड्याच्या दाबावर राहील, नाहीतर केशनळीने त्या जागेच्या खाली पॉलिअ‍ॅक्रिलेटसारखं प्रतिबंधक सोडा. आधी फ्रीक-सी (PHREEQC) या जल-रसायनाच्या संगणक-प्रणालीत ६८ ते ११० पर्यंतचे संपृक्तता-निर्देशांक (खनिज बसेल की विरघळेल ते सांगणारे) काढा, पण त्यात जागेवरचा ७.९ घाला. ८.४ घातला तर कॅल्साइट वाजवीपेक्षा खूप जास्त दिसेल.

झऱ्याचं पाणी थेट संचात नेऊ नका. मध्ये प्लेट-उष्णताविनिमयक ठेवा. क्लोराइड ४८० आणि ६०° च्या वर, त्यात हवा शिरली, की ३०४ स्टेनलेसला तडे जातात. ३१६ त्याहून बरं, पण या क्लोराइडला आणि तापमानाला त्यालाही धोका राहतो, टायटॅनियम निश्चिंत. ऑक्सिजन बाहेर ठेवणं धातूच्या निवडीइतकंच महत्त्वाचं आहे, आणि तो बहुधा पंपाच्या चोषण बाजूच्या ढिल्या जोडातून येतो. हायड्रोजन सल्फाइड किंचित जरी असेल तरी तांबं-पितळ नको: विनिमयकाच्या तांब्याच्या नळ्या, पितळी व्हॉल्व्ह, एवढंच काय, शेजारच्या पेटीतले रिलेचे संपर्कही काळे पडतात. गॅस्केट ईपीडीएम रबराचं, नायट्राइल रबर १०५ ला लवकर कडक होतं. प्लेटा साफ करायला सल्फॅमिक आम्ल घ्या. हायड्रोक्लोरिकने कॅल्साइट भराभर जातो खरा, पण त्यातलं क्लोराइड स्टेनलेसला खड्डे पाडतं.

---

नमुनाबाटली

वापरलेलं पाणी कुठे जाणार हेही ठरवा. पिण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची फ्लोराइड मर्यादा १.५, तुमचं २.०. ते एवढ्यावर थांबलंय कारण कॅल्शियम ९८ आहे. फ्लोराइटची विद्राव्यता फ्लोराइडला वर जाऊ देत नाही. खोल विहिरीत कॅल्शियम कमी आणि सोडियम-बायकार्बोनेट जास्त असं पाणी लागलं तर फ्लोराइड १० च्या पुढे जाऊ शकतं. बोरॉन आणि आर्सेनिक तुमच्या यादीतच नाहीत. आर्सेनिकची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, बोरॉन २.४ मि.ग्रॅ. पर्यंत पिण्याला चालतं, पण संवेदनशील पिकांना १ च्या आतच त्रास होतो. दोन्ही मोजा. क्लोराइड-बोरॉन गुणोत्तर तिन्ही झऱ्यांत सारखं आलं तर एकच स्रोत असल्याचा आणखी एक पुरावा मिळेल, विहिरीच्या पाण्याचा वाटा आधी वजा करून.

---

तळठाव

१००-११२ धरतो, १७६ आणि १८७ अहवालात येतील ते का नाकारले या कारणांसह. पाणी परत सोडायची विहीर किती लांब असावी?

---

किलोवॅट

भेगाळ ग्रॅनाइटमध्ये नुसत्या अंतरावर जाऊ नका. दोन विहिरी एकाच भेगेवर असतील तर ५०० मीटरही कमी पडतात आणि थंड पाणी लवकरच परत येतं. आधी फ्लुओरेसीनसारखा रंग सोडून तो उपसा-विहिरीत कधी आणि किती येतो ते बघा. १००° च्या आसपास फ्लुओरेसीन या चाचणीपुरतं टिकतं. रंग काही तासांत आला तर जागा बदला. रंग आधी येतो, थंडावा नंतर, पण येतो. आणि चाचणी-उपसा सुरू करण्याआधी तिन्ही झऱ्यांचं तापमान, प्रवाह आणि क्लोराइड वर्षभर नोंदवून ठेवा. उपसा वाढला की झरे आटतात, आणि तेव्हा ते मुळात ऋतूनुसार किती बदलत होते हे सांगायला दुसरं काही हाताशी नसतं.